दोघांत एक ट्यूब

पोस्टचं नाव सांगत नाही. सांगूनही कुणाला नकाशावर सापडणार नाही. उत्तरेकडची उंच जागा, एक बंकर, पत्र्याच्या दोन झोपड्या, दोर लावलेली एक वाट आणि आम्ही नऊ जण, एवढीच ती पोस्ट. जानेवारीच्या सुरुवातीला आम्ही वर चढलो. वाट बंद व्हायच्या आत शेवटची तुकडी आमचीच होती.

मी तेव्हा हवालदार होतो. गाव सोनाळा. आमच्यात रेडिओ ऑपरेटर होता नाईक शेख हसन, गाव वरवट बकाल. एकाच तालुक्यातले दोघे एका पोस्टवर येणं हा योगायोग आर्मीत क्वचित जुळतो. भाषा एक, पाणी एक, त्यामुळे बाकीचे जवान आम्हाला जुळे म्हणायचे. दिसायला आम्ही अजिबात सारखे नव्हतो. तो शिडशिडीत, मी थोराड.

ते साल गुलाबी बोंडअळीचं. आमच्याकडे त्या सालाची ओळख अजून अशीच देतात. डिसेंबरमध्ये मी सुट्टीवर होतो. बीटी कपाशी आली तेव्हा आता अळी गेली असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि त्या वर्षी बोंड फोडलं की आत अळी बसलेली. आमच्या घरात दरवर्षी फरदड ठेवायचे, म्हणजे वेचणी संपली तरी पऱ्हाटी, कपाशीची उभी झाडं, उपटायची नाहीत, एखादं पाणी द्यायचं आणि उरलीसुरली बोंडं फुटायची वाट पाहायची. कृषी खात्याचा माणूस सांगून गेला होता की ठेवू नका, अळीला तेवढंच खाद्य मिळतं. वडील म्हणाले, "उभं झाड उपटू काय? अजून चार बोंडं फुटतीन न त्याले." शेवटचं सोडायचं नाही ही आमच्या भागातली खोड आहे. त्या खोडीनं अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसलं. मी वडिलांशी वाद घातला नाही. माझा परतीचा दिवस जवळ आला होता.

हसनचे वडील उस्मानचाचा पिंजारी. गाद्या, रजया, उशा. जुनी गादी उसवायची, बसलेला कापूस पिंजायचा आणि त्याच गिऱ्हाइकाला नव्यासारखी करून द्यायची, हे त्यांचं काम. फोमच्या गाद्या आल्या तसं काम कमी झालं. अमिनाचाची, म्हणजे हसनची आई, हंगाम संपला की शेतांतून कवडी वेचायची. कवडी म्हणजे झाडाला चिकटून राहिलेला किडका, पिवळा पडलेला कापूस, जो व्यापारी घेत नाही. त्या साली सगळीकडे कवडीच कवडी होती. आमच्या शेतातूनही तिनं दोन पोती नेली. नको म्हणायला कुणाचं मन नव्हतं.

जळगाव जामोदच्या एसटी स्टँडवर आम्ही दोघे नांदुऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. तिथून पुढे रेल्वे. चाची सोडायला आली होती. तिनं पिशवीतून पेस्टची एक मोठी ट्यूब काढली आणि पिंजलेल्या कवडीचं एक गाठोडं.

"कापूस पायमोज्यात घालजा. अन् हे दोघांत एक पुरंल. शेपटीकून दाबजा. मधात दाबली तं मले समजते."

हसन म्हणाला, "अम्मा, आर्मी देते पेस्ट."

"देते तं देऊ दे. थे उरव."

मग तिनं मला बाजूला घेतलं. "याची छाती लहानपणापासून कापसाच्या धुळीत गेली. खोकला लागला तं सांगत नाही हा. तू पाहजो."

"पाहतो, चाची."

गाडी आली. आम्ही चढलो.

आज माझ्या घरात मी ट्यूब कापायला बसलो की सून हसते. म्हणते, बाबा, तीस रुपयांची वस्तू आहे. मी कापत राहतो. तिला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि कुकर लावलेला असताना कुणी सगळं ऐकत नाही.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. सकाळी बर्फ उपसायचा, झोपड्यांचे दरवाजे मोकळे करायचे, दोर तपासायचे, ड्यूट्या बदलायच्या. हसन सकाळ-संध्याकाळ कंट्रोलला रिपोर्ट द्यायचा. उरलेल्या वेळात तो वस्तूंचा पिच्छा पुरवायचा. दुधाच्या पावडरचा डबा रिकामा झाला की त्यात गरम पाणी घालून हलवायचा आणि त्याच पाण्याचा चहा. चहा पांढरट व्हायचा, पण चहाच तो. रॉकेलचा जेरीकॅन उपडा करून खाली मग ठेवायचा. मगात सकाळपर्यंत जे जमेल त्यावर एक वेळचं पाणी तापायचं. साबणाच्या चपट्या वड्या तो ओल्या करून एकमेकींना चिकटवायचा. तो गोळा रंगीबेरंगी दिसायचा आणि कुणालाच हातात धरवत नसे. बुटाच्या पॉलिशची डबी स्टोव्हजवळ ठेवली की कडेचं पॉलिश पातळ होऊन मध्ये येतं, हे मला त्यानंच दाखवलं. आगकाडी तो ब्लेडनं उभी चिरायचा. दोनांतली एक काडी हमखास मोडायची, तरी त्याचा हट्ट सुटला नाही.

पेस्ट त्या थंडीत दगड होते. म्हणून आमची ट्यूब तो अंगातल्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा. सकाळी काढायची, शेपटीकडून दाबायची, आधी माझ्या ब्रशवर मग त्याच्या, आणि लगेच परत खिशात. मी एकदा मुद्दाम मधे दाबली.

"काऊन बे उस्ताद," तो म्हणाला. हवालदाराला म्हणायचं उस्ताद आणि मित्राला म्हणायचं बे, दोन्ही एका वाक्यात फक्त तोच घालू शकायचा. "घरी गेल्यावर अम्माले काय दाखवू?"

"तिले कायले दाखवतं?"

"ट्यूब वापस नेणं आहे ना. आतून खरडाची राहील."

आमचे पोस्ट कमांडर होते सुभेदार साहेब. शिस्तीचे, तोंडाचे तिखट, मनाचे सरळ. झोपडीत कचरा दिसलेला त्यांना चालत नसे. एका तपासणीत त्यांना हसनच्या पलंगाखाली टॉर्चच्या वापरलेल्या सेलचा डबा सापडला. जवानांनी फेकलेले सगळे सेल हसन उचलून आणायचा. आमच्याकडे उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी चार दिवस चालवतात. तोच प्रकार.

"नाईक हसन, ये कबाड क्या है?"

"साब, सेल हैं. थोडी जान बाकी है."

"कबाड बाहर. आज के आज."

"जी साब."

दोन दिवसांनी मला त्याचं पोट पुढे आलेलं दिसलं. त्या उंचीवर कुणाचं पोट सुटत नाही. मी विचारलं तेव्हा त्यानं जॅकेट वर केलं. फाटलेल्या स्लीपिंग बॅगच्या अस्तराचा त्यानं एक रुंद पट्टा शिवला होता. पट्ट्याला ओळीनं कप्पे, कप्प्यांत सेल, आणि बाहेरच्या बाजूला चाचीच्या कवडीचा जाड थर, दाभणानं टाके घालून बसवलेला. पिंजाऱ्याच्या घरचा टाका होता तो, एकसारखा.

"साबनं झोपडीतून काढाले सांगतलं," तो म्हणाला. "झोपडीत नाहीत आता."

"मेलेले सेल आहेत ते."

"थंडीत झोपतात थे. गरम ठिवले का उठतात."

मी रिपोर्ट केला नाही. पट्टा गरम होता आणि त्याच्या पाठीला बरं वाटत होतं, असं तो म्हणाला. खोटं नसावं.

फेब्रुवारीत तीन दिवस सलग बर्फ पडला. चौथ्या दिवशी दुपारी ऊन निघालं. जनरेटरची झोपडी पन्नासेक पावलं खाली होती. सुभेदार साहेब एका जवानाला घेऊन तिथे गेले, बर्फानं दार अडलं होतं ते पाहायला. चार्ज केलेल्या बॅटऱ्याही तिथेच असायच्या. मी बंकरच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होतो. आवाज मोठा नव्हता. कुणी भरलेली गादी जमिनीवर टाकावी तसा. मी वळून पाहिलं तर खालची झोपडी नव्हती. अँटेनाचा खांबही नव्हता. नुसता वरून सुटून आलेला बर्फ.

आम्ही खणलं. जवानाच्या कमरेचा दोर वर दिसत होता, तो आधी मिळाला. बेशुद्ध, श्वास चालू. साहेब खोल होते. पत्रा आणि लोखंडी सांगाडा त्यांच्या कमरेवर आणि डाव्या पायावर पडला होता. बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीत होते. म्हणाले, "सब गिनती करो." गिनती केली. सगळे होते.

नर्सिंगचं ट्रेनिंग घेतलेला जवान होता देवीलाल. त्यानं साहेबांचं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांत टॉर्च मारली आणि मला बाहेर बोलावलं.

"आत रक्त जातंय. उद्या सकाळपर्यंत खाली गेले तर वाचतील. दुपार नाही."

टेलिफोनची तार बर्फाखाली गेली होती. रेडिओचा सेट बंकरमध्ये होता म्हणून वाचला, पण त्याची बॅटरी संपत आलेली. दुपारी बदलायची होती. बदलायच्या बॅटऱ्या जनरेटरच्या झोपडीबरोबर गेल्या. दुसऱ्या दिवशीची उड्डाणं आदल्या संध्याकाळी ठरतात. उद्या फक्त सकाळी आभाळ मोकळं, नंतर पुन्हा हवामान खराब, हे कंट्रोलनं सकाळीच सांगितलं होतं. म्हणजे अंधाराच्या आत निरोप गेला तरच हेलिकॉप्टर.

हसननं सेटचं बटण दाबलं. दिवा लागला आणि विझला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जॅकेटची चेन उघडली.

दुधाच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं पट्ट्या केल्या. सेल एकापुढे एक लावले, मध्ये पट्ट्या, वरून चिकटपट्टी. वीसेक सेल होते. वायरी जोडल्या. दिवा लागला आणि राहिला. बंकरमधून आवाज पोहोचत नव्हता, खांबच नव्हता. तो सेट पाठीला लावून कड्यावर गेला, हातातली अँटेना घेऊन. मी त्याचा दोर धरून मागे बसलो. वारा सुटला होता. हातमोज्यांनी वायर धरता येत नव्हती, म्हणून त्यानं हातमोजे काढले.

"कंट्रोल, वन अल्फा. कॅज्युअल्टी टू. सीरियस. हेलिकॉप्टर फर्स्ट लाइट. ओव्हर."

वन अल्फा म्हणजे आमची पोस्ट. नुसती खरखर. दिवा मंद झाला. त्यानं लगेच सेट बंद केला, सेलची माळ पट्ट्यात घालून पोटाशी घेतली, चेन लावली आणि गुडघे छातीशी घेऊन बसला.

"काय करून राह्यला?"

"उठवून राह्यलो."

थोड्या वेळानं पुन्हा माळ बाहेर, पुन्हा तोच निरोप. पुन्हा खरखर. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी दिवा थोडा कमी वेळ टिकायचा. एकदा आवाज आला.

"वन अल्फा, रिपीट नंबर. ओव्हर."

"टू. टू. सीरियस."

दिवा गेला. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी म्हणालो, आत चल. तो म्हणाला, "उस्ताद, अजून थोडं हाय त्याच्यात." त्यानं माळ तोडली, सेल काखेत घेतले, मांड्यांत घेतले, वरून पट्टा आवळला. ऊन समोरच्या डोंगरावरून उतरत होतं. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो, वारा अडावा म्हणून. त्याच्या पाठीतून खोकला मला लागत होता.

शेवटच्या वेळी त्यानं माळ पुन्हा जोडली, सेट चालू केला आणि बोलायचं बटण दाबलंच नाही, नुसतं ऐकलं. बोलायला वीज जास्त लागते, ऐकायला कमी.

"वन अल्फा, रॉजर. टू कॅज्युअल्टी. फर्स्ट लाइट. आउट."

"झालं," हसन म्हणाला. त्याची बोटं वाकत नव्हती म्हणून त्याचे हात हातमोज्यांत मी घातले.

सकाळी हेलिकॉप्टर आलं. त्या उंचीवर ते दोघांनाच नेतं. साहेब आणि तो जवान, दोघांनाही झोळीत घालून चढवलं. रात्रभर साहेबांना ऑक्सिजन लावून ठेवला होता. देवीलालनं पायलटला ओरडून सांगितलं की इथे तिसरा आहे, छातीत पाणी भरतंय. पायलट म्हणाला, एका तासात परत येतो. हसन पोत्यावर बसून होता. म्हणाला, "दुसऱ्या खेपेले जातो. मले खिडकीची जागा भेटंल."

एक तास व्हायच्या आत ढग खाली आले. हेलिकॉप्टर निघालं आणि अर्ध्या वाटेतून परत गेलं, हे मला पुढे कळलं. पायी खाली नेणं शक्य नव्हतं. वाटेवर सगळा बर्फ लोंबत होता. देवीलालनं इंजेक्शनं दिली. ऑक्सिजनचा एकच सिलेंडर शिल्लक होता, तोही भरलेला नव्हता. हसनला टेकून बसवलं, मास्क लावला. खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला होता.

त्यानं मास्क बाजूला केला.

"उस्ताद, मी श्वास सोडतो तवा चावी बंद करा. वाया चालला."

"बोलू नको."

"चावी."

मी सिलेंडरची चावी हातात घेतली. तो आत घेई तेव्हा उघडायची, बाहेर सोडी तेव्हा बंद करायची. थोड्या वेळात माझा हात त्याच्या श्वासाला लागला. देवीलाल म्हणाला, मी घेतो, तर हसननं मान हलवली, नको. देवीलालची लय बसत नव्हती. तो दिवस गेला. जेवण कुणी आणून दिलं, मी डाव्या हातानं खाल्लं. मधल्या काळात हसन काही बोलला तर एवढंच, की सिलेंडरचा काटा कुठे आहे. मी सांगायचो, आहे. तो डोळे मिटायचा. एकदा म्हणाला, "पुरवलं न?" मी म्हणालो, पुरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली होती. ढग तसेच होते. त्यानं श्वास सोडला. मी चावी बंद केली आणि त्याच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिलो, चावी उघडायची म्हणून. तो त्यानं घेतला नाही. देवीलालनं माझा हात चावीवरून सोडवला तोपर्यंत मी वाटच पाहत होतो.

काटा शून्यावर आला नव्हता. थोडा ऑक्सिजन उरला होता.

मला त्या वेळी काही वाटलं नाही. लोक विचारतात, म्हणून सांगतो. रडू आलं नाही, रागही नाही. मी चावी घट्ट केली. देवीलालनं वेळ लिहिली. मी सगळ्यांसाठी चहा ठेवला, दुधाचा डबा संपला होता म्हणून त्यात गरम पाणी घालून हलवलं. मग हसनचे खिसे मोकळे केले. आतल्या खिशात ट्यूब होती, शेपटीकडून गुंडाळलेली, निम्म्याहून जास्त संपलेली. मऊ होती. अजून गोठली नव्हती.

ढग उघडल्यावर त्याला खाली नेलं. सामान मी बांधलं. मेलेल्या जवानाच्या वापरलेल्या वस्तू खाली कुणी फेकून देईल, अशी मला धास्ती होती. मी पिशवीला चिठ्ठी बांधली: यातलं काही फेकायचं नाही, सगळं घरी पाठवणे. साबणाचा गोळा, पट्टा, ट्यूब. सेल सरकारजमा केले. उरलेले महिने मी आर्मीची पेस्ट वापरली.

सुभेदार साहेब वाचले. आता काठी घेऊन चालतात. वर्षातून एकदा फोन करतात, तब्येत विचारतात.

मी मे महिन्यात सुट्टीवर आलो. मातीला मला पोहोचता आलं नव्हतं. गावानं मोठी अंत्ययात्रा काढली होती, फलक लावले होते. फलक एव्हाना उन्हानं पांढरे पडले होते. शेतं मोकळी होती. त्या वर्षी पऱ्हाट्या सगळ्यांनी वेळेत उपटल्या होत्या, आमच्या वडिलांनीसुद्धा.

वरवट बकालला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. उस्मानचाचा ओट्यावर बसले होते. त्यांच्या मांडीवर एक लहानशी उशी होती.

"पट्ट्यातला कापूस हाय," ते म्हणाले. "खराब नव्हता झाला. पुन्हा पिंजला." आणि ती उशी त्यांनी माझ्या पाठीमागे ठेवली. मी टेकलो नाही. ते म्हणाले, "टेक." मग टेकलो.

चाची आतून आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. नमस्कार-सलाम काही नाही.

"सांग," ती म्हणाली.

मी रिपोर्ट देतो तसं सांगितलं. झोपडी, साहेब, सेल, कडा, हेलिकॉप्टर. तिच्या कवडीनं सेल गरम राहिले, हेही सांगितलं. खोकल्याचं आलं तेव्हा तिनं हात वर केला.

"तू पाहला?"

"पाहला, चाची. कड्यावरच लागला होता."

"जवळ कोण होतं?"

"मीच. शेवटपर्यंत."

तिनं पदर तोंडावर घेतला, पुन्हा काढला. "लोकं म्हणतात, हवा संपली तिथं. हवेचा नळा होता त्याले, थो संपला. म्हणून गेला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरानं सारी उमर दुसऱ्याचं उरलेलं जपलं. अन् त्याले श्वासच कमी पडला काय? मले रोज थेच येते डोक्यात. रातदिस."

चाचाही माझ्याकडे पाहत होते. तीन महिने या घरात हा एकच प्रश्न होता, हे तेव्हा मला कळलं.

"नाही, चाची," मी म्हणालो. "संपला नव्हता. मी काटा पाहत होतो. त्याच्यात उरला होता."

"खरं?"

"त्यानंच मले चावी बंद करायले लावली. वाया जाऊ नये म्हणून. शेवटी उरला."

"उरला," ती म्हणाली. "म्हंजे कमी नाही पडला त्याले."

"नाही पडला."

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग चाची उठली, आत गेली आणि ट्यूब घेऊन आली. ट्यूब कागदासारखी चपटी झाली होती. तोंडाकडे थोडासा फुगवटा होता.

"आमी दोघं दर शुक्रवारी याच्यावरच दात घासत होतो," ती म्हणाली. "तुया वाटचं ठिवलं होतं. दोघांत एक देली होती मी."

चाचांनी जुनं ब्लेड दिलं. तिनं ट्यूब उभी चिरली, दोन्ही बाजू उघडल्या आणि नखानं आतलं खरडून एका कडेला आणलं. बोटाच्या पेरावर मावेल एवढं निघालं. तिनं ते माझ्या बोटावर लावलं.

भर दुपारी, रांजणाशी उभं राहून मी दात घासले. चाची तांब्यानं माझ्या हातावर पाणी घालत होती. तिनं रिकामी ट्यूब तांब्यातल्या उरलेल्या पाण्यात बुडवून हलवली, आणि ते पांढुरकं पाणी अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

"आता संपली," ती म्हणाली.

लोक मला शाळेत बोलावतात, पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला. मी नाव, हुद्दा आणि गाव सांगतो. नाईक शेख हसन, वरवट बकाल. तो कसा गेला हे विचारलं तर ऑपरेशनमध्ये, एवढंच म्हणतो. मुलं टाळ्या वाजवतात.

त्या मेमधल्या दिवशी वरवट बकालहून चार वाजताची एसटी मिळाली. पत्रा तापलेला, खिडकीतून झळा येत होत्या. शेजारच्या माणसानं मला पाणी पुढे केलं. तोंडात अजून ती चव होती. मी नको म्हणालो, आणि सोनाळा येईपर्यंत पाणी प्यायलो नाही.